कर्ण चुकलेली वही

वहीवर बसून वही पारखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नगरच्या बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात काका शिरले की आधी स्टूल मागायचे. मालकाला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, दमलं असेल. मग काका आलेखाची वही मधोमध उघडून स्टुलावर ठेवायचे आणि तिच्यावर बसायचे. दोन मिनिटं, मनगटावरच्या घड्याळात बघत. उठल्यावर वही आपोआप मिटली तर नापास. "उघडी राहात नाही ती वही विकणाऱ्यासाठी केलेली असते, काढणाऱ्यासाठी नाही," एवढं सांगून ते स्टूल परत करायचे.

बैठक ही पहिली परीक्षा. दुसरी थुंकीची. बोट जिभेला लावून छापील रेघेवर दाबायचं, बोटाला निळं लागलं की वही परत. तिसरी खोडरबराची. एकाच घरात पेन्सिलीनं फुली काढायची आणि खोडायची, वीस वेळा. स्वस्तातल्या वह्यांच्या कागदाला चौथ्या वेळेलाच लव फुटायची आणि आठव्याला भोक पडायचं. चौथी परीक्षा कर्णाची. तिथवर बहुतेक वह्या पोहोचायच्याच नाहीत.

"काका, वही बघताय का सून?" एका दुकानदारानं एकदा विचारलं.

"सून चुकली तर मुलगा भोगेल. वही चुकली तर मी."

या वाक्याचा मी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. काकांनी तो ऐकला नाही. ते खोडत होते.

काका भिंगारला राहायचे. लष्कराच्या एका कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढणारे. उभा जन्म इतरांच्या पुलांच्या आणि गोदामांच्या रेघा ओढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर या माणसानं सुई हातात घेतली आणि दोसुतीवर भरतकाम सुरू केलं. दोसुती म्हणजे जाड विणीचं, घरं मोजता येतील असं कापड. त्यावर फुलीच्या टाक्यांनी मोर, कुयऱ्या, राघू भरायचे. गल्लीतले पुरुष आधी हसले. मग त्यांच्याच बायका दुपारी काकांच्या ओट्यावर शिकायला यायला लागल्या, तेव्हा हसणं बंद झालं आणि जेवण उशिरा मिळण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. या बायका रुखवताची कामं घ्यायच्या. हल्ली नवरीला स्वतः काही भरायला सवड नसते, पण रुखवतात तोरण मात्र हवंच असतं. आपल्या समाजात कलाकुसर ही मुलीच्या अंगी असावी लागते, मुलीनं केलेली असावी लागत नाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मी खर्ड्याकडची, कॉलेजसाठी आलेले. कॉलेजपेक्षा संघटनेत जास्त वेळ जायचा आणि संघटनेत माझं काम पत्रकं लिहिण्याचं. खोली देण्याआधी काकांनी माझं आधारकार्ड बघितलं नाही. पेन्सिल हातात दिली आणि म्हणाले, "रेघ ओढ." मी ओढली. त्यांनी ती चष्मा वर करून, मग खाली करून बघितली. "वाकडी आहे. पण मधे थांबली नाहीस. राहा."

मला त्यांनी नाव ठेवलं घोषणा. "काय घोषणा, आज कुणाचा धिक्कार?" हा त्यांचा सकाळचा नमस्कार. माझी पत्रकं ते छापण्याआधी वाचायचे आणि उद्गारचिन्हं खोडायचे. एकेका पत्रकात तीसतीस असायची. "टाका नीट बसला नाही की माणूस गाठ मारतो," ते म्हणायचे. "ही तुझी गाठ." मला राग यायचा. ही खोडलेली पत्रकं जास्त वाचली जात, हे माझ्या लक्षात आलं होतं, त्याचा तर जास्तच यायचा.

आता वहीचं कारण सांगते. काकांकडे एक मूळ वही होती. कचेरीनं टाकून दिलेल्या आलेखाच्या जुन्या तावांची, त्यांनी स्वतः शिवलेली. तीत गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या माहेरच्या नक्ष्या होत्या. कुणाच्या आजीच्या चोळीचा काठ, कुणाच्या आत्याच्या पिशवीवरचा मोर. माझ्या आईनं ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बसून भरलेल्या उशीच्या अभ्र्यावरचा राघूही त्यांनी त्यात घरं मोजून उतरवला होता. बरं झालं, कारण तो अभ्रा मी पुढे एका मोर्चात फलक पुसायला नेला आणि हरवला.

पण त्या वहीचा कागद आता पापडासारखा झाला होता. घडीवर तुटायचा. पान उलटलं की मांडीवर चुरा पडायचा. शिवाय नक्षीत रंग नव्हते, खुणा होत्या. फुली, टिंब, त्रिकोण, आडवी काडी. कुठली खूण म्हणजे कुठला रंग, हे प्रत्येक पानाला वेगळं, आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त काकांच्या डोक्यात होतं. आणि काकांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे डोळे जायच्या आत सगळं नव्या वहीत उतरवायचं होतं. साधं काम. फक्त वही हवी होती.

"महागाची चांगली मिळते की," मी एकदा म्हणाले.

"महागाच्या वहीत बाई काढत नाही. ती कपाटात ठेवते, वर साडी ठेवते. आणि काढलंच तर चुकायला घाबरते. चुकायला घाबरणाऱ्याला नक्षी सुचत नाही." म्हणजे वही गल्लीतल्या कुठल्याही बाईनं नवऱ्याला न विचारता घ्यावी इतकी स्वस्त हवी, आणि तिच्या मुलीनंही वापरावी इतकी टिकाऊ हवी. अशी वही या जिल्ह्यात कुणी बनवत नव्हतं. स्वस्त ती फाटायची, टिकाऊ ती कपाटात जायची.

मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढून ठेवू. काकांनी माझ्या मोबाईलवरच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटो सरकला. परत ठेवलं. फोटो मोठा झाला. "मोजताना घरावर बोट ठेवावं लागतं," ते म्हणाले. "याच्यावर बोट ठेवलं की पान पळून जातं."

मग मी म्हटलं, आपणच चौकटी छापून घेऊ. झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं कागद मशीनला लावला, मशीननं जाळी आपल्या मनानं पानात बसवली आणि घरं लहानमोठी झाली. काकांनी त्याला अकरा वेळा छापायला लावलं. बाराव्या वेळी तो म्हणाला, "काका, तुमी मला लष्करातलं समजू नका."

मला खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. वही शोधण्यात दोन वर्षं गेली होती. सुरुवातीला काका दुकानाच्या पाट्या लांबून वाचायचे, नंतर पाटीखाली उभं राहून, नंतर मला विचारून. ज्या डोळ्यांनी नक्ष्या उतरवायच्या, ते डोळे कागद नापास करण्यात खर्ची पडत होते. पण मी पत्रकवाली. माणसाला थांबवण्यापेक्षा प्रश्न हाती घेणं मला सोपं वाटलं.

आमच्या भागात एक भाऊ आहेत. पदाचं नाव बदलत असतं, भाऊ तेच असतात. त्यांच्या वाढदिवसाला दरवर्षी शाळांत वह्या वाटल्या जातात. रेघी वह्या, मुखपृष्ठावर भाऊ, मलपृष्ठावर भाऊंचे चिरंजीव. आम्ही मागणी लावून धरली: मुलींना भूमिती शिकायची आहे, चित्रकला शिकायची आहे, भरतकाम करायचं आहे, आलेखाच्या वह्या द्या, दणकट द्या. पत्रकाचं शीर्षक होतं, 'रेघेत चाला म्हणणाऱ्यांनो, आम्हाला चौकटी द्या'. काकांनी उद्गारचिन्ह खोडलं आणि म्हणाले, "चौकटी मागणारी चळवळ पहिल्यांदा बघतोय."

आणि आम्ही जिंकलो. भाऊंना कुणीतरी सांगितलं असणार की यात फोटो चांगला येईल. त्या वर्षी ट्रकभर आलेखाच्या वह्या आल्या. चौकात फलक लागला. भाऊंच्या मागे सूर्य, हातात धनुष्य आणि खाली मोठ्या अक्षरांत 'दानशूर कर्ण'. मी एक वही घेऊन धावत ओट्यावर आले.

काका वहीवर बसले. उठले. वही उघडीच राहिली. थुंकी लावली, रेघ हलली नाही. वीस वेळा खोडलं, कागदाला काही झालं नाही. काकांनी पान कानाजवळ नेऊन टिचकी मारली. कागद खणखणीत होता, आणि त्याचं कारण उघड होतं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर भाऊंचा रंगीत हसरा फोटो होता, आणि पातळ कागदावर भाऊ मागच्या पानावर उमटले असते. ओट्यावरच्या बायका काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. काकांनी शर्टाच्या खिशातून गुण्या काढला, पंचेचाळीस अंशांचा, कडा झिजून पिवळा पडलेला. एका घराच्या कोपऱ्यावर टेकवला आणि तिरपी रेघ ओढली. घर खरंच चौरस असेल तर ही रेघ, म्हणजे कर्ण, प्रत्येक घराच्या कोपऱ्यातून जातो. रेघ पहिल्या घरात कोपऱ्यातून गेली. पाचव्यात किंचित बाजूनं. दहाव्यात पार अर्धं घर सोडून.

आडव्या दहा घरांच्या लांबीत उभी साडेदहा बसत होती. वर फोटोला जागा हवी म्हणून छापणाऱ्यानं जाळी खालच्या बाजूला दाबली होती. नाव आलेख वही, चौरस एकही नाही.

काकांनी वही मिटली, मुखपृष्ठावरच्या माणसाकडे नाकाजवळ धरून बघितलं आणि म्हणाले, "दानशूर असतील. कर्ण चुकलाय."

दुसरं काय हवं होतं मला? दुसऱ्या दिवशी पत्रक छापलं. त्या एका वाक्याचं शीर्षक, खाली काकांच्या तिरप्या रेघेचा फोटो. नगरपासून नेवाशापर्यंत लोकांच्या स्टेटसला तेच. भाऊंच्या फलकावर कुणीतरी खडूनं अर्धं घर सोडून रेघ ओढली. गणिताच्या दोन मास्तरांनी वर्गात मापून दाखवलं. चौथ्या दिवशी टेम्पो आला आणि शाळाशाळांतून वह्या परत गोळा करून गेला. मुली पहिल्या पानावर नाव घालून बसल्या होत्या, ती पानं फाडून घेतली. बदली वह्या लवकरच देऊ, असं भाऊंच्या माणसानं सांगितलं. अभ्यासासाठी समिती नेमली. समितीत भाऊंचे चिरंजीव होते.

आम्ही पेढे वाटले. काकांनी एक पेढा घेतला, अर्धा ठेवला.

बदली वह्या आल्या नाहीत. पुढच्या वाढदिवसाला पाण्याच्या बाटल्या वाटल्या. बाटलीला कर्ण नसतो.

या सगळ्यात सुमनताई नव्हती. ओट्यावरच्या बायकांत हात सगळ्यात साफ तिचा. भावाचं लग्न म्हणून ती नेवाशाला माहेरी गेली होती आणि महिनाभरानं आली. आल्यावर तिनं काकांच्या फळीवर ती एकच उरलेली वही बघितली, उघडली, कागद अंगठ्यानं चोळला.

"कसला ग्वाड कागद हाय," ती म्हणाली. "काका, मग उतरवायला का न्हाई घेतलं?"

"कर्ण चुकलाय."

"कुनाचा?"

मी तिला सगळं समजावलं. पत्रक दाखवलं. तिनं ते वाचलं, तिरपी रेघ बघितली, मग मांडीवरचं दोसुतीचं कापड ताणून धरलं.

"पन काका, आपन घरं मोजतो का मापतो?"

तिनं नखानं कापडाची घरं मोजून दाखवली.

"वहीत घर चपटं आसंल न्हाईतर उभट आसंल. आपन म्हनतो तीन लाल, एक सोड, दोन हिरवी. ते कापडावर टाकतो. कापडाची घरं तर सरळ हायेत की. वहीतला मोर बुटका दिसला तरी कापडावर उभाच ऱ्हानार." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "ह्यासाठी पोरींच्या वह्या न्हेल्या व्हय?"

मी म्हणाले, भूमितीसाठी चौरस हा चौरसच पाहिजे. ते खरंच आहे, आणि मी आजही ते मागे घेणार नाही. फसवी चौकट पोरींच्या हातात देऊन वर त्यावर हसरा फोटो छापणं हा लबाडपणाच आहे. पण मी हे बोलत होते तेव्हा सुमनताई माझ्याकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती.

काकांनी गुण्या खिशातून काढला, बोटांनी चाचपला आणि परत ठेवला. चाळीस वर्षं ज्या माणसानं पूल मापले, त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं की टाक्याला माप नसतं, फक्त संख्या असते. दोन वर्षांत त्यांनी कर्णावरून ज्या वह्या नापास केल्या, त्यांतली एखादी तरी चालली असती. त्यांनी ती वही मागून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "घोषणा, वह्या कुठे गेल्या बघ."

वह्या सापडल्या. भिंगारच्या बाजारात एक भेळवाला आहे, त्याचे पुडे त्या आठवड्यात फार मजबूत झाले होते. मी भेळ घेतली, पुडा उलगडला, तर आत चिंचेच्या चटणीत भाऊ हसत होते. रद्दीवाल्याकडे धाव घेतली. बहुतेक गठ्ठे गेले होते. नऊ वह्या मिळाल्या. ज्या वह्या मी जिल्ह्यातून हद्दपार केल्या होत्या, त्या किलोवर विकत घेऊन मी ओट्यावर आणल्या. काकांनी त्यांच्यावर बसून बघितलं नाही.

पण तोपर्यंत काकांना घर दिसेनासं झालं होतं. भिंग धरून एखादी फुली सापडायची आणि हरवायची. मग रीत ठरली. मूळ वहीचं पान सुमनताईनं परातीत ठेवायचं, चुरा सांडू नये म्हणून. तिनं ओळ वाचायची: तीन फुल्या, एक मोकळं, दोन टिंबं. काका डोळे मिटून रंग सांगायचे: फुली डाळिंबी, टिंब पोपटी. बाकीच्या बायका भाऊंच्या फोटोखाली लिहून घ्यायच्या. काका ऐकता ऐकता चूक पकडायचे. "पाच म्हणालीस, सहा असणार. पलीकडच्या पंखाला सहा आहेत." परत मोजलं की सहाच निघायचे. काही पानं मात्र वाचण्यापलीकडे गेली होती. ती गेली ती गेलीच. दोन वर्षांपूर्वी ती शाबूत होती, हे ओट्यावर कुणी बोललं नाही. मीही नाही, आणि मला बोलायचे पैसे पडत नाहीत.

माझ्या आईच्या राघूचं पान घडीवर तुटलं होतं. राघूच्या डोळ्याचं नेमकं एक घर उडालेलं. तिथे खूण होती की नव्हती, काकांना आठवेना. पहिल्यांदाच आठवेना. "तुझ्या आईला विचार," ते म्हणाले.

मी आईला फोन लावला. ती फडात होती, मागे ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

"राघूचा डोळा? आगं, लाल दोरा संपला हुता. कोपीवर कुठला मिळायचा. घर तसंच सोडलं." आणि मग, "आभ्रा हाय ना नीट?"

मी म्हणाले, आहे.

वहीत ते घर मोकळं ठेवलं. सुमनताईनं त्या वहीवरून राघू दोसुतीवर भरला आणि चौथ्या दिवशी कापड काकांच्या मांडीवर ठेवलं. वहीतला राघू बसका दिसत होता, कापडावरचा ऐटीत होता. काकांनी गुण्या कापडावर टेकवला आणि त्याच्या कडेनं तर्जनी सरकवत नेली, एकेका टाक्यावरून, कोपऱ्यातून कोपऱ्यात. फुलीचा टाका बोटाला लागतो. दहा घरं झाली, वीस झाली.

"कर्ण बरोबर आहे," ते म्हणाले.

मग बोट डोक्यापाशी आलं आणि थांबलं. तिथे टाका लागत नव्हता.

"सुटला का?"

"न्हाई काका. मूळचंच तसं हाय. हिच्या आईनं सोडलंय."

त्यांनी बोट त्या मोकळ्या घरावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. कापड पळालं नाही.

"मग वहीत तसं लिहून ठेवा," ते म्हणाले. "डोळा मोकळा सोडणे. नाहीतर उद्या कुणीतरी हुशार येईल, चूक समजेल आणि भरून टाकेल."

'हुशार' म्हणताना त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी दिसत नव्हते त्यांना. पण दिशा अगदी बरोबर होती.